चार घड्यांचं दुपटं

४ मार्च

पिवळं पडलंच शेवटी! क्रोशाचं पांढरं सुती दुपटं, चार वर्षं कपाटाच्या तळाशी, जुन्या मऊ चादरीत गुंडाळून ठेवलेलं. आज घाईघाईत बाहेर काढलं तर घडीच्या रेघांवर चहा सांडल्यासारखे पट्टे.

खरं तर नवीन विणणार होते. सूनबाईला नववा लागलाय. पण अंगठा दगा देतो. आठ दिवसांत अडीच ओळी झाल्या, त्याही कुणाला दाखवायची सोय नाही अशा. डॉक्टर म्हणाले, सुई ठेवा. ठेवली. म्हणजे आता हेच.

हे सूनबाईच्या पहिलीसाठी विणलं होतं. सातव्या महिन्यात आली, अकरा तास राहिली. नाव ठेवायलाही वेळ मिळाला नाही. इस्पितळातून दुपटं कोरंच परत आलं, मी उचलून ठेवलं. त्यानंतर या घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. चिरंजीव काढूच देत नाहीत.

५ मार्च

चिरंजीवांना एकटं गाठून विचारलं, जुनं दुपटं धुऊन घेऊ का. चेहरा दगड! "ते नको, आई. कुणाला तरी देऊन टाक. आणि तिच्या नजरेला पडू देऊ नकोस." एवढं बोलून डबा न घेताच कामावर गेले.

देऊन टाक म्हणे. देईनही, पण पिवळं कसं देऊ? एकतीस वर्षं हॉटेलच्या धुलाईखात्यात काढली मी. डागाळलेलं कापड माझ्या हातून कधी बाहेर गेलेलं नाही.

— आणि खरं लिहायचं तर, मला ते द्यायचंच नाहीये.

९ मार्च

दोघं कामावर गेल्यावर टब भरला. कोमट पाणी, बाळाच्या कपड्यांचा पातळ साबण, चमचाभर खायचा सोडा. घासायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं तळव्यांनी दाबत राहायचं. तीनदा पाणी बदललं. सुती क्रोशा पाणी पितं ते किती! सुकं असताना हलकंफुल, ओलं झालं की दोन किलोचं. एका कोपऱ्याला धरून उचललं की टाके ओढले जातात, आकार गेलाच म्हणून समजा. दोन्ही हात खालून घालावे लागतात, न्हालेलं बाळ उचलावं तसे. उचललं — आणि तशीच उभी राहिले. रडले. घरात कुणी नव्हतं ते बरं.

मग टॉवेलात गुंडाळून पाणी टिपलं, माझ्या पलंगावर दुसरा टॉवेल घालून त्यावर सपाट पसरलं. आणि इथंच घोडं पेंड खातं! दोरीवर टांगलं तर स्वतःच्या वजनाने लोंबतं. सपाट वाळायला दोन दिवस. अडीच खोल्यांच्या घरात ते दोन दिवस लपवायचं कुठे? दार लावून घेतलं, पाठ धरलीय म्हणून सांगितलं. सूनबाई बिचारी दोनदा गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. दाराच्या फटीतून घेतली. लाज वाटली.

१० मार्च

आरामखुर्चीत झोपून पाठ खरंच धरली. खोटं बोलण्याचं फळ!

डाग फिके झालेत, गेले नाहीत. पण सलतंय ते वेगळंच. मी दुपट्याची घडी तीन पदरी घालते, हाताची सवयच ती. तीन पदरांत मधोमध रेघ येईल कशी? इथे तर मधोमध ठळक रेघ आहे. घडी चार पदरी होती. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी ते काढलं आणि आपल्या हाताने परत ठेवलं.

११ मार्च

आज सूनबाईला सुट्टी. पाणी प्यायला गेले, दार उघडं राहिलं. परत येते तो सूनबाई पलंगाच्या कडेवर बसलेली, दुपट्याच्या काठावरून बोट फिरवत.

ती म्हणाली, "इथली गाठ सुटत होती, आई. मागच्या वर्षी मी बांधली."

दरवर्षी त्या तारखेला काढते म्हणे, मी भाजीला गेले की. मला सांगितलं का नाहीस, विचारलं. "तुम्ही इतकं जपून ठेवलं होतंत. मी हात लावलेला तुम्हाला आवडेल का, कळेना."

चार वर्षं मी तिला जपत होते आणि ती मला! कपाळावर हात मारून घेतला. तिला हसू आलं, मग दोघींनाही रडू.

नवीन आणू का, विचारलं. नको म्हणाली, हेच. "फक्त त्याला काय सांगायचं ते कळत नाही."

दुपारी दोघींनी मिळून पुन्हा धुतलं. ती स्टुलावर बसून साबण ओतत होती, जास्तच ओतत होती. ओतू दिला.

१२ मार्च

सांगायची वेळच आली नाही. संध्याकाळी चिरंजीव चार्जर शोधत माझ्या खोलीत आले, पलंग पाहिला, आल्या पावली परतले. जेवले नाहीत. सूनबाई ताट झाकून ठेवताना माझ्याकडे बघत नव्हती.

कुठून मला ही अवदसा आठवली! तिचे दिवस भरत आलेत, आणि मी घरात हे काढून बसले. उद्या वाळलं की बांधून ठेवते. कायमचं.

१३ मार्च

मी बाजारात, सूनबाई तपासणीला. परत आले तर दुपटं उलटं केलेलं. खालचा ओला टॉवेल काढून कोरडा घातलेला. आणि एका कोपऱ्याला धरून उचललेलं — ती बाजू चांगली दोन बोटं लांब झालीय. आम्हा दोघींपैकी कुणी असं उचलणार नाही.

वेडा कुठला!

कोपरा ओला करून, थापटून सारखा केला. जरा वाकडा राहिलाच. त्याला काही विचारलं नाही. बांधूनही ठेवलं नाही.

२९ मार्च

इस्पितळाची बॅग भरली. दुपटं सगळ्यांत वर. चेन चिरंजीवांनी लावली.

६ एप्रिल

मुलगा. पूर्ण दिवसांचा, आवाज खणखणीत. नर्सने त्याला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, पहिलाच का? मी सूनबाईकडे पाहिलं. मागून चिरंजीव म्हणाले, "नाही, दुसरा. हे त्याच्या ताईचं आहे."