दोन मिनिटांचं गाणं

१२ जानेवारी, सोम.

कृतिका मॅडम, वेडिंग प्लॅनर, मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं घेऊन आल्या. आठ फेब्रुवारीचं लग्न आमच्याच वाडीच्या रिसॉर्टवर नक्की झालं. दोन दिवस, दोनशे पाहुणे, समुद्राकडच्या बाजूला तंबू. थीम म्हणे 'मातीचं ऐश्वर्य'. त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा लिहून घेतलं. चिकूच्या झाडांवर फळं दिसली पाहिजेत, पण पाहुण्यांच्या डोक्यात पडता कामा नयेत. म्हटलं, चिकू आमचं ऐकत नाही. सगळे हसले. मी विनोद केला हे मला मागाहून कळलं.

मालकांनी ओळख करून दिली, "ही वनिता. आमची कोऑर्डिनेटर. इथलीच, वारली आहे." मग सगळ्यांनी माझ्याकडे भिंतीवरचं चित्र बघावं तसं बघितलं.

नवऱ्याला, विलासला, जाऊन पाच महिने झाले. आज दिवसभरात आठवण आली नाही. संध्याकाळी आशागडला खोलीवर आले, कुलूप काढताना आली. वाईट वाटलं असंही नाही.

१५ जाने.

नवरीशी व्हिडिओ कॉल. रिया. सिंगापूरला असते. मुलगी बरी आहे, मधे मधे 'प्लीज' म्हणते. तिला तारपावाले हवेत. सांगितलं, तारपा भात निघाल्यावर वाजवतात, लग्नात नाही. कृ. मॅ. म्हणाल्या, पाहुण्यांना काय कळतंय. बरं.

पण रियाला खरी हवी ती गोष्ट वेगळीच. लग्नाचा चौक. तिने कुठे तरी वाचलंय की आमच्यात भिंतीवर चौक लिहितात, मधे देवी बसवतात, आणि लग्न बाई लावते, गाणं गाऊन. "धवलेरी म्हणतात ना?" उच्चार चांगला केला. भटजी आहेतच, पण त्यांच्या आधी हे हवं, दोन मिनिटांचं. कृ. मॅ. नी विचारलं, अशी कोणी ओळखीत आहे का.

म्हटलं, आहे. सासू.

१८ जाने., रवि.

उधव्याला सासरी गेले, लेक तिथेच आयपाशी असते. रोशनीने उड्या मारल्या नाहीत, दारात येऊन उभी राहिली आणि माझी पिशवी घेतली. नऊ वर्षांची पोर पाहुण्याची पिशवी घेते तशी.

आयला विचारलं. विलासची आय म्हणजे अख्ख्या तालुक्यात अर्ध्या घरांची लग्नं लावलेली बाई. ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मोठ्या लोकांकडे जायला तिची ना नाही, पण दोन मिनिटांचं तिला येत नाही. "गाणा काय सुपारीचा खांड हाय, तोडून द्यायला?"

मी आग्रह केला नाही. आग्रह करायला अंगात काहीतरी लागतं.

ती गंमत मात्र डोक्यात राहिली. पाड्यावर सगळ्यांची लग्नं हिने लावली आणि स्वतःच्या पोराचं, विलासचं आणि माझं, राहिलं. आमच्यात राहतं. संसार आधी होतो, लग्न सवडीने. कोणाकोणाचं तर मुलांच्या लग्नाच्या मांडवात होतं. आधी आईबापाचं लावायचं, मग पोरांचं. त्याला कोणी नावं ठेवत नाही. फक्त लग्न लागेपर्यंत बाई सवाशीण नव्हे, आणि चौक सवाशिणींनीच लिहायचा. अकरा वर्षं पाड्यावर दर लग्नात चौकासाठी तांदूळ मी वाटले. काडी हातात घेऊन लिहिलं कधीच नाही.

मागच्या माघात विलास म्हणाला होता, या साली उरकू. मी म्हटलं, सीझन आहे रे, बुकिंगं आहेत, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्यांची चार लग्नं करायची होती मला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इथेही पहिल्यांदाच लिहितेय.

२१ जाने.

तलासरी. तलाठी ऑफिस. वारस नोंद. विलासच्या नावाचा भातशेतीचा तुकडा आहे, त्यावर. रोशनीचं नाव लागतंय, मुलगी म्हणून. माझ्या नावापुढे 'पत्नी' लिहायला काहीतरी कागद हवा. साहेब सभ्य होते, बसा म्हणाले. लग्नाचा दाखला? नाही. पत्रिका? नाही. "अहो, एखादा फोटो तरी असेल ना लग्नाचा. मांडवात बसल्याचा. कोणाच्या मोबाइलमध्ये?" म्हटलं बघते.

बघायचं काय. वडापाव खाऊन परत आले. म्हणजे पाड्याच्या हिशेबाने सवाशीण नाही आणि सरकारच्या हिशेबाने विधवाही नाही. हे लिहिताना राग यायला हवा होता.

२५ जाने., रवि.

आयला तलाठ्याचं सांगितलं, चुलीपाशी बसून, सहज. ती भाकरी थापत होती. थांबली. "फोटू मागतो?" हो म्हटलं. "बसल्याचा?" हो. पुन्हा थापायला लागली. दोन भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, तुझ्या मॅडमला सांग, येते मी.

अटी: पांढरा रंग डब्यातला नको, तांदळाचं पीठ. भिंत कुडाची, शेणमातीने सारवलेली, वर गेरू. लिहिणाऱ्या तीन सवाशिणी ती आणणार. चौक लिहून झाला की कपड्याने झाकायचा, गाणं सुरू होईपर्यंत कोणी उघडायचा नाही.

फोनवर कृ. मॅ. ना सांगितलं. इतक्या खूश झाल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

३१ जाने.

कुडाची भिंत उभी केली. आठ बाय आठ, तंबूच्या आत, कार्पेटवर. शेणमातीला वास येतो म्हणून डेकोरेटरने मागे अत्तराचे दिवे लावले. आता शेणाला मोगऱ्याचा वास येतो. ते जास्त वाईट आहे.

पाहुण्यांच्या बास्केटला चिकूची सुकी पानं चिकटवत होते. गरम गोंदाची बंदूक बोटाला लागली. दुसऱ्या मुलीने ओरडून हात बाजूला ओढला, तेव्हा कळलं. फोड आलाय.

४ फेब्रु.

सवाशिणी आल्या. मोठी काकी, माझी जाऊ मंगल, आणि मंगलची बहीण. तिघींनी सकाळपासून दुपारपर्यंत चौक लिहिला. मी बाहेर पाटा-वरवंटा घेऊन. सवयीची जागा. मंगलने मधे पाणी आणून दिलं.

देवी मधोमध बसली. बाजूला घोडा, माड, चंद्र-सूर्य. काकीने विचारलं, समोर समुद्र आहे तर होडी काढू का? आय नको म्हणाली. मग पांढरा कपडा टाकला. फोटोग्राफर दहा वेळा विचारून गेला, फक्त एक कोपरा? आयने त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

काकी आणि मंगलची बहीण संध्याकाळच्या एस.टी.ने परत. मंगल आणि आय थांबल्या.

६ फेब्रु., शुक्र.

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

चार वाजता रिहर्सल. कृ. मॅ. ना उजेड आणि कॅमेऱ्याची जागा ठरवायची होती. नवरा-नवरी उद्या येणार. म्हणून म्हणाल्या, वनिता, तू बस नवरीच्या जागी, नवऱ्याच्या जागी लाइटवाला बसेल. दोन पाट मांडलेले. लाइटवाला बसला, तेवढ्यात जनरेटर बंद पडला आणि तो उठून गेला. कृ. मॅ. म्हणाल्या, चालेल, फ्रेम कळतेय, सुरू करा आजी.

आयने विचारलं, "फोटू निघतो ना?"

त्या म्हणाल्या, हो, पूर्ण रेकॉर्ड होतंय.

मग मला म्हणाली, "उठू नको." आणि कपडा काढला.

मला वाटलं दोन मिनिटं. तिने देवीला बोलावलं. मग डोंगर, मग धान्याची कणसरी, मग वेशीवरचे सगळे देव. इतकं लांब ती खऱ्या लग्नातच गाते. दहा मिनिटांनी कृ. मॅ. नी मला हाताने खूण केली, छान, चालू दे. त्यांना वाटलं आजींचा मूड लागलाय. कॅमेरा चालू. माझ्या पायाला मुंग्या आल्या. समोर मंगल उभी होती, तिने पदर तोंडावर धरला होता, तेव्हा मला कळायला पाहिजे होतं.

शेवटी नावं येतात. आधी नवऱ्याचं.

आय विलासचं नाव गायली. मग माझं. मग तांदूळ उधळले, माझ्या डोक्यावर, आणि बाजूच्या रिकाम्या पाटावर.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगल सोडली तर आमची बोली तिथे कोणालाच येत नव्हती.

मी उठले आणि कृ. मॅ. ना विचारलं, खुर्च्यांची कव्हरं पांढरी की बदामी. खरंच हेच विचारलं. बदामी.

तंबूच्या मागे आयला गाठलं. म्हटलं, आय, काय केलंस हे. ती पान लावत होती.

"गाणा खोटा गायचा नसतो. त्यांनी गायला सांगितला, मी गायली. पाटावर तू होतीस." चुना लावला. "माझ्या पोराचा लगीन बाकी होता. झाला."

७ फेब्रु., शनि.

रिया आली. दिसायला फोनपेक्षा लहान. कृ. मॅ. नी तिला रिहर्सलचा व्हिडिओ दाखवला, तिच्या डोळ्यांत पाणी. मला विचारते, "ताई, शेवटी काय म्हणतात त्या? ते ऐकून अंगावर काटा आला." म्हटलं, नावं. नवरा-नवरीची नावं घेतात. तिने हो हो म्हटलं. खोटं बोलले नाही. पूर्ण खरंही बोलले नाही.

खरी अडचण दुपारी. आय म्हणाली, त्या चौकावर दुसऱ्याचं लग्न लागायचं नाही, तो झाला. ह्या पोरीला नवा लिहायला पाहिजे. एका चौकावर दोघींना बसवलं तर तो संसार कोणाचा? म्हटलं, आय, ह्यांना फक्त दिखावा हवाय. म्हणाली, तिला नको हाय. तिला खरा पाहिजे, म्हणून तर मना बोलावला.

कृ. मॅ. ना सांगितलं की रिहर्सलला कपडा निघाला, आता परंपरेप्रमाणे नवा चौक. त्या म्हणाल्या, गेरू आहे ना? डेकोरेटर पाय आपटत गेला. भिंत पुन्हा सारवली. काकीला फोन केला, ती रिक्षाने निघाली. मंगल इथेच होती. तिसरीला घरी ताप.

मी तांदूळ वाटायला बसले. आयने वरवंटा माझ्या हातातून काढून घेतला.

"तिसरी तू."

म्हटलं, मी कशी? तो नाही आता.

"तुझा लगीन काल झाला. काल तो मेला का? नाय ना. मग."

ती वाटायला लागली. तिचे खांदे हलत होते, ते वाटण्यामुळे असेल. मंगल सरकली आणि भिंतीपाशी माझ्यापुरती जागा केली. बांबूची काडी चावून मऊ केली, पिठात बुडवली. फोड फुटलेल्या बोटाला पीठ झोंबलं. चांगलंच झोंबलं. मी हात बाजूला घेतला नाही.

मला माड दिला लिहायला. वाकडा आला. रडू तिथे आलं, माड वाकडा आला म्हणून. काकी म्हणाली, राहू दे, वाऱ्याने वाकतो माड.

९ फेब्रु., सोम.

काल लग्न झालं. आयने पूर्ण गायलं, पन्नास मिनिटं. भटजी घड्याळ बघत राहिले, रिया जागची हलली नाही. चिकू एकच पडला, वरमायच्या ताटात.

निघताना कृ. मॅ. नी रिहर्सलचा व्हिडिओ मला पाठवून दिला. "तुझी आठवण म्हणून. किती मस्त बसली आहेस." फाइलला नाव दिलंय 'डमी'. बदललं नाही अजून.

रात्री उधव्याला जाऊन रोशनीला दाखवला. तिने पूर्ण पाहिला. शेवटी विचारलं, "बाबाचं नाव का घेतलं?" सांगितलं, आमचं लग्न होतं. तिने विचारलं, मला का नाही बोलावलंत. बरोबर आहे तिचं.

आत्ता तलासरीला, तलाठी ऑफिसच्या बाकावर बसून लिहितेय. माझ्यापुढे चार माणसं. आय शेजारी. तिने धुतलेलं लुगडं नेसलंय आणि साक्षीला अंगठा द्यायचा म्हणून उजवा हात पदराला पुसत बसलीय. सही येते तिला, विसरली असेल.

साहेब म्हणतील, शेजारचा पाट तर रिकामा आहे. आहे. नाव ऐकू येतं, एकोणचाळिसाव्या मिनिटाला. तिथपर्यंत त्यांनी थांबायला हवं.

फोनचा आवाज पूर्ण वाढवून ठेवलाय.