पाठमोरा अभ्यास

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, असे आई लिहायला सांगते आहे म्हणून लिहिले. खुशाल फक्त आई आहे. बाबा दुकानात गप्प असतात (केस कापणारा माणूस गप्प असला की गिऱ्हाइके घाबरतात), आणि माझी शेवटची परीक्षा बावीस दिवसांवर आली आहे. गणितात पास व्हायला पस्तीस गुण लागतात. सराव परीक्षेत मला अकरा पडले. नापास झाले तर पुढचे शिक्षण थांबेल, आणि मला पुढे शिकायचे आहे. हे असे का झाले ते सविस्तर लिहिते, कारण लोक तुला वेगळेच सांगतील.

वर्षाच्या सुरुवातीला आमच्या वर्गशिक्षिकेने 'अभ्यास कसा करावा' असा एक कागद वाटला. पंचवीस मिनिटे अभ्यास करावा, पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. जे शिकलो ते दुसऱ्याला शिकवावे. दर तिसऱ्या दिवशी उजळणी करावी. मी लगेच आईला प्रकाशसंश्लेषण शिकवायला गेले. आई म्हणाली, "उभीच आहेस तर तेवढी भांडी विसळ." बाबांनी मात्र तो कागद दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. त्यांचे म्हणणे, एक डोके म्हणजे पंचवीस मिनिटे, दाढी धरून. नंतर कपडा झटकायला पाच मिनिटे. तेव्हा कागद लिहिणारा आपल्याच धंद्यातला असणार. शिवाय ज्याच्या गळ्याभोवती कपडा बांधला आहे आणि कानाशी वस्तरा आहे, तो धडा अर्धवट टाकून उठत नाही. असा विद्यार्थी शाळेलाही मिळत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी मी पुस्तक घेऊन खुर्चीच्या मागे उभी राहू लागले. (आरशात तोंड दिसते, पण फेस लावलेल्या तोंडाकडे बघून मला हसू येते. म्हणून मी डोक्याच्या मागच्या बाजूकडे पाहून शिकवायचे. हीच चूक झाली, पण ती पुढे कळली.) समोरच्या इमारतीच्या वॉचमनला महायुद्धाची कारणे शिकवली. प्लंबरला सपाट आरसे शिकवले. दोन समांतर आरशांत प्रतिमा अनंत असतात हे दाखवायला बाबांनी मागे दुसरा आरसा धरला, तेव्हा त्याला स्वतःची टाळूवरची विरळ जागा अनंत वेळा दिसली आणि पाणी द्यावे लागले. एक पेन्शनर आहेत, त्यांच्या डोक्यावर काहीच नाही, ते फक्त पेपर वाचायला येतात. त्यांना राजवायू शिकवले. हे वायू कुणाला काही देत नाहीत, कुणाकडून काही घेत नाहीत. पेन्शनर म्हणाले, "हे माझ्या थोरल्याबद्दल आहे का?"

अडचण उजळणीची आली. उजळणी दर तिसऱ्या दिवशी करायची, आणि केस दर तिसऱ्या दिवशी वाढत नाहीत. पण गिऱ्हाइकांना गोडी लागली होती. वॉचमन तर युद्ध कोणी सुरू केले हे कळल्याशिवाय राहीना. तो दर तिसऱ्या दिवशी येऊन बसे आणि बाबा हाताला काम हवे म्हणून थोडे थोडे कापत. पाचव्या उजळणीला त्याच्या डोक्यावर कापण्यासारखे काही उरले नाही. त्याच सुमारास माझ्या लक्षात आले की मलाही युद्धाची कारणे आठवत नाहीत. माझ्या मनात धडा त्या डोक्यावर बसला होता. केस गेले, कारणे गेली.

सराव परीक्षेत माझ्या पुढच्या बाकावर एक लांब वेणीची मुलगी बसली. वेणीवर मी काहीच शिकवलेले नव्हते. पहिला अर्धा तास मी तिच्या डोक्याकडे पाहत बसले, मग डावीकडच्या डोक्याकडे, मग उजवीकडच्या. पर्यवेक्षिका बाईंना वाटले मी कॉपी करते आहे. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवले. तेवढ्यात शाळेचा शिपाई पाणी घेऊन आला. तो आमचेच गिऱ्हाईक. पेला ठेवायला तो वाकला, मला त्याच्या डोक्यावरचा भोवरा दिसला, आणि एकदम सगळी वर्गसमीकरणे आठवली. मी सलग चार सोडवली. चारही बरोबर होती. पण पेपर इतिहासाचा होता. गणिताच्या दिवशी शिपाई रजेवर.

बाईंनी बाबांना बोलावून घेतले. बाबा वॉचमनला साक्षीला घेऊन गेले. "ही सगळं शिकवते, बाई. याला विचारा." बाईंनी विचारले. वॉचमनने महायुद्धाची सहा कारणे सांगितली, सातवे त्याने स्वतःचे घातले, ते बाईंनाही पटले. बाई म्हणाल्या, "हे पास आहेत. आता हिचं काय करायचं?" बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. (वॉचमन मात्र गल्लीभर बोलला.)

त्यानंतर बाबांनी एक उपाय काढला. ज्याचा जो धडा, त्याचे केस पाकिटात भरायचे, वर धड्याचे नाव लिहायचे, आणि रोज एक पाकीट उघडून अभ्यास करायचा. एकतीस पाकिटे झाली. आईला शिंका सुरू झाल्या. "अभ्यास करतेस की उशी भरतेस?" असे तिने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही, खिडकी उघडली. जोराचा वारा होता. आता माझ्या अभ्यासक्रमातला बराचसा भाग गल्लीत आहे.

तेव्हा आत्या, परिस्थिती ही अशी आहे. काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक दे.

तुझी भाची

ता. क. – पत्र लिहायचे खरे कारण राहिले. त्रिकोणमिती मला येते. पूर्ण येते, कोणाचेही डोके न बघता. सहामाहीच्या सुट्टीत तुम्ही दोघे आला होतात, तेव्हा मी काकांना खुर्चीत बसवून हा धडा शिकवायला घेतला. तोंडाला फेस असतानाच ते म्हणाले, "अगं, तुलाच कुठे कळलंय?" मग त्यांनी गालावरचा फेस बोटाने घेऊन आरशावर त्रिकोण काढला आणि मलाच शिकवले. वर्षभरात मला कोणी शिकवले असे तेवढे एकदाच झाले. काकांना आठ दिवस पाठव. बाकीचे गणितही तसेच करून घेतील.

ता. क. दुसरा – त्या दिवशी काका तोंडाला रुमाल लावून तडकाफडकी का निघाले, हे त्यांनी तुला खरे सांगितले नसेल. बाबाही आरशावरचा त्रिकोण बघत होते. बघता बघता त्यांनी काकांच्या मिशीचे डावे टोक तीस अंशात उतरवले. काका म्हणाले, पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. मिशी परत आली असेल, काका आले नाहीत. बाबांना मी माफी मागायला सांगितले. ते म्हणाले, तीस वर्षांत आपण गिऱ्हाइकाला 'बघा, कसं वाटतंय' याखेरीज काही म्हटलेले नाही.

ता. क. तिसरा – हे पत्र बाबांनी आत्ता वाचले. वाचून दुकानात गेले, दार लावून घेतले, आणि पाच मिनिटांनी स्वतःच्या मिशीचे डावे टोक तीस अंशात कापून बाहेर आले. आई अजून हसते आहे. काकांना सांग, आता फिटंफाट झाली, शनिवारी निघा. मी कोनमापक लावून पाहिला, बत्तीस भरले. काकांना तीसच सांग.