हलकं चाक

रोहा, ता. २८ ऑगस्ट २००४

चि. सखा यास,

आईचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, पुढचं वाचून तूच काय ते ठरव. फोनवर बोलले असते, पण फोन ओटीवर आणि तुझे आप्पा त्याला खेटून बसलेले. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलू?

आधी गाडीची बातमी, कारण तू तीच विचारशील. पॉवर स्टेअरिंग बसलं. पेणच्या रघू मिस्त्रीनं भंगारात निघालेल्या एका नव्या मॉडेलच्या अँबॅसडरचं सगळं सामान काढून आपल्या जुन्या गाडीला लावलं. इंजिनाला एक पंप बसवलाय, तो पट्ट्यावर फिरतो, आणि तेलाच्या जोरानं चाक वळतं. काम चालू होतं तोवर आप्पा रोज एसटीनं पेणला जाऊन गॅरेजात बसायचे. येताना पोह्याचे पापड आणायचे. आता घरात पापडांचा डोंगर झालाय, त्यातले सूनबाईला पाठवते.

चाक आता एका बोटानं फिरतं. तुला आठवतं ना, लग्नाच्या वऱ्हाडात गाडी वळवताना त्यांचा सदरा घामानं भिजायचा? मी मागे हौसेनं लायसन काढलं होतं, क्लासच्या फियाटवर. पण आपल्या गाडीवर बसले तर चाक तसूभर हलेना. तेव्हा हे हसून म्हणाले होते, "मालू, हे काय जातं हाय व्हय, बसून ओढायला?" परवा रघू म्हणाला, "काकू, आता तुमी पण चालवाल." मी हसले. हसायला काय जातं!

तू एवढ्या लांबून त्यांचा खांदा दुखतो म्हणून पैसे पाठवून हे सगळं करून दिलंस, तुझं कौतुकच आहे. पण बाळा, तुझ्या बापाचं दुखणं खांद्यात नाही.

लिहू की नको, असं करत चूल दोनदा पेटवून आले.

गेल्या वर्षापासून ते विसरतात. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग जेवलो की नाही ते. मी तुला सांगितलं नाही, म्हटलं वय झालं. आणि खरं सांगू, जड चाकाचा मला आधार होता. खांदा दुखायचा म्हणून गाडी निघायची नाही, आणि गाडी दारात आहे तोवर मी निवांत झोपायचे. तू ते चाक हलकं केलंस आणि माझी झोप गेली.

गेल्या आठवड्यात ते भाजी आणायला म्हणून पूल ओलांडून पलीकडे अष्टमी गावात गेले. पुलाच्या तोंडाशी हौसा भाजीवाली बसते ना, तिच्या टोपलीवर गाडी गेली. तिनं पाय ओढून घेतला म्हणून वाचला. हे खाली उतरले आणि तिलाच म्हणाले, "रस्त्यात कशाला बसतेस गो?" ती रस्त्यात नव्हती, सखा. कडेलाच होती, बिचारी रोज बसते तिथे.

आणि सोमवारी तर निघाले ते आलेच नाहीत. शेजारचा पोपट टेम्पो घेऊन येत होता, त्याला नागोठण्याला अंबा नदीच्या पुलापाशी आपली गाडी दिसली. इंजिन चालू, हे चाकाला धरून बसलेले. "कोणाची वाट बघता काका?" म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाले, "सखाची शाळा सुटायची हाय."

आता हरतालिकेला पेणजवळच्या जोह्याहून गणपती आणायचा. तो ते स्वतः आणणार, दरवर्षीसारखा. मधे घाटाची खिंड, नागोठण्याची रहदारी. मला रात्रंदिवस धडकी भरलेली असते. त्यांच्या हातून कुणाचं लेकरू चाकाखाली आलं तर? तू काहीतरी कर. तुझं ते ऐकतील.

तुझी आई


रोहा, ता. १९ सप्टेंबर २००४

चि. सखा यास,

आशीर्वाद. गणपती घरात सुखरूप बसले, हे आधी सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. आता कसे बसले ते ऐक.

तू फोनवर समजावलंस, त्यांनी "व्हय व्हय" केलं आणि फोन ठेवल्यावर मला विचारलं, "कोण होता गो?" तू म्हणालास किल्ली लपव. तांदळाच्या डब्यात लपवली. तर त्यांनी घर उलथंपालथं केलं, आणि सापडेना तेव्हा ओटीवर बसून रडले. मला ते बघवेना. किल्ली काढून खुंटीला लावली. मग पोपटच्या हातापाया पडून रोज सकाळी हे देवळात जायचे तेवढ्या वेळात मी मैदानात गाडी चालवून बघायला लागले. माझ्या लायसनची मुदत मी दरवेळी वाढवत आले होते, कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं. पोपट म्हणाला, मीच येतो. पण हरतालिकेला त्याचा टेम्पो गावाचे गणपती वाहतो, तो कुठला यायला!

त्या दिवशी जाताना मी आधीच चाकाशी जाऊन बसले. हे बाहेर उभे. "उतर खाली. गाडी मी चालवणार." मी म्हटलं, "चालवा की. पण येताना गणपती मांडीवर कोण घेणार? सखा नाय. आपल्यात कर्त्या पुरुषानंच घ्यायचा, आणि एकदा उचलला की घरच्या पाटाशिवाय खाली ठेवायचा नाय. हात दोन्ही गुंतणार तुमचे." त्यांनी दाराच्या मुठीवरचा हात काढला. बाकी सगळं विसरतात, पण ही रीत विसरले नव्हते. गाडीला वळसा घालून बाजूला येऊन बसले. देवा, तुझ्या नावानं नवऱ्याचे हात बांधले, पदरात घे.

जोह्याला त्यांनी मूर्ती मांडीवर घेतली, तिच्या तोंडावर उपरणं टाकलं, आणि निघालो. प्रत्येक वळणाला त्यांचा हात चाकाकडे येईल असं वाटायचं. मी रस्ता बघू की त्यांचे हात?

खिंडीच्या चढावर पुढे ट्रक थांबला. मी घाबरून क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. चाक वळवायला गेले तर ते पूर्वीसारखंच दगड झालेलं. मागे एसटी हॉर्न देतेय. हे एकदा पुढे झुकले, एक हात सुटला. मी डोळेच मिटले. पण हात परत मूर्तीवर गेला आणि ते शांतपणे म्हणाले, "ब्रेक दाबून धरा. हँडब्रेक ओढा. गेअर काढा. आता इंजिन चालू करा. इंजिन बंद तर पंप बंद, मग चाक जडच लागणार." तसं केलं. चाक हलकं झालं. गाडी चढली.

ते माझ्याशी 'धरा, ओढा' असं बोलत होते. त्या भीतीत मला ते ध्यानातही आलं नाही.

कुंडलिकेचा पूल ओलांडून घरी आलो. त्यांनी मूर्ती नीट पाटावर ठेवली, उपरणं काढलं, नमस्कार केला. मग बाहेर आले. मी गाडीपाशी उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हात चांगला हाय तुमचा. आमच्या मालूला पण लई हौस होती. चाक जड म्हणून मी तिला कधी दिलं नाय. आता हलकं करून घेतलंय. आली की तिला सांगा."

मी म्हटलं, "सांगते."

काल आरतीला त्यांनी मला नावानं हाक मारली. आज सकाळी पुन्हा नाही. दुपारी चहा दिला तर "कशाला त्रास घेतलात" म्हणाले. किल्ली माझ्या कमरेला असते, ते आता मागतही नाहीत. गाडीची भीती गेली असं म्हणायला हरकत नाही. पण उद्या त्यांनी विचारलं, "बाई, तुमी घरी कधी जाणार?" तर मी काय उत्तर देऊ? त्याची फार भीती वाटते रे.

पत्र पोचेल तोवर गौरी गेलेल्या असतील. तरी ये. तुला ते ओळखतील न ओळखतील, पण मला ओळखणारं कुणीतरी या घरात हवं.

तुझी आई,
मालू