ओढ्यातली पहार

सर, तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत ती जागा मला अजून दाखवता येईल. जत तालुक्यातल्या त्या गावाची विहीर, काठावर तुम्ही, आणि तुमच्या हातात माझी वही. आम्हा चौघांच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दर आठवड्याला विहिरीची पातळी मोजायची होती. सांगलीहून एसटीनं जतला आणि पुढे मिळेल त्या गाडीनं जायचा मला कंटाळा आला, म्हणून तीन आठवड्यांचे आकडे मी होस्टेलच्या खाटेवर बसून लिहिले. तुम्ही स्वतः दोर सोडलात, पट्टी वाचलीत, वहीतला आकडा बघितलात आणि मारलंत. दात लागून माझा ओठ फुटला. "ह्या आकड्यांवर माणसं पाणी पिणार हायत रं," तुम्ही म्हणालात. वर्गात इतकं शुद्ध बोलणारे तुम्ही, राग आला की पुन्हा म्हसवडचे व्हायचात. माझे वडील साताऱ्यातले निवृत्त सुभेदार, मार मला नवा नव्हता. पण घरी मार खाल्ला की मला राग यायचा. त्या दिवशी लाज वाटली. पुढच्या आठवड्यापासून मी एकही फेरी चुकवली नाही.

बाकीच्या मुलांनी पूल आणि इमारती कागदावर उभ्या केल्या. तुम्ही आम्हाला खणायला लावलंत. ओढ्याच्या वाळूखालून पाणी निघून जातं, ते अडवायचं; त्यासाठी ओढ्याला आडवा चर थेट कातळापर्यंत न्यायचा, आणि त्यात काळी चिकणमाती ठोकून भरायची. वरून काही दिसणार नाही, पण विहीर उन्हाळाभर टिकेल. गावातली बायामाणसं पाट्या घेऊन यायची. एक म्हातारी रोज सगळ्यांच्या आधी हजर असायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "टँकर आला की आमी एकमेकींच्या झिंज्या धरतो, बाळा. गेल्या साली हंड्यानं माझ्या सुनंचं डोकं फुटलं. शेजारणीनंच घातला. ती काय वाईट हाय व्हय?" तिची शेजारीण तिथंच माती तुडवत होती. म्हातारीनं पाटी उचलली आणि तिच्याच पायाशी ओतली.

मग तो दिवस. ऊन चढलेलं आहे, चर निम्मा भरत आला आहे, आणि टँकर गावाकडे न जाता सरळ ओढ्यात उतरतो. तिघं खाली येतात. त्या भागातले टँकर ज्याचे, त्याची ही माणसं. विहिरीला पाणी राहिलं तर टँकर कोण मागवणार? "कुणाला इचारून खणताय रं?" पुढचा ओरडतो आणि ठोकलेल्या मातीवर लाथा घालायला लागतो. तुम्ही चरात उतरता. म्हणता, "आधी मला पुरा, मग ही माती काढा." दुसऱ्याच्या हातातली काठी तुमच्या कानावर बसते. तो आवाज मी विसरू शकत नाही, ओलं लाकूड फुटावं तसा. तुम्ही गुडघ्यावर येता, शर्टाचा खांदा लाल होतो, आणि काठी पुन्हा वर जाते. बाया किंचाळतायत. आमच्यातले दोघं पळून गेले आहेत, एकाला टँकरवाल्यांतल्या तिसऱ्यानं वाळूत दाबून धरलं आहे. मी मातीत रोवलेली पहार उपसली आणि काठीवाल्याच्या पायावर घातली. तो पडला. त्याच्या किंचाळण्यानंच बाकीचे दोघं मागे सरले.

गावातल्या टेंपोतून जतला जाताना तुम्ही कानाला टॉवेल दाबून बसला होतात. टॉवेल भिजून थेंब माझ्या पँटवर पडत होते. मी म्हणालो, "सर, पोलिसांना मी सांगतो, मारणारा मी." तुम्ही माझा दंड इतका घट्ट धरलात की बोटं उमटली. "तुझं वर्ष हाय. गप बसायचं." चौकीत तुम्ही सांगितलंत, "पहार माझ्या हातात होती. पोरांचा काही संबंध नाही." फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

त्या माणसाचा गुडघा कायमचा गेला. कॉलेजनं तुम्हाला आधी निलंबित केलं, मग काढूनच टाकलं. गावानं तो चर स्वतः भरून पुरा केला, आणि पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमची पाठ थोपटली. मला पहिला वर्ग मिळाला. तुम्ही म्हसवडला जाऊन गणिताच्या शिकवण्या घेत होतात, एका कानानं ऐकू येत नव्हतं, हे सगळं मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं. मी आलो तो तुम्ही गेल्यानंतर, तेराव्याला. काकू म्हणाल्या, "आवं, तुमचं नाव काढलं की ह्यांचा चेहरा खुलायचा. म्हणायचे, पोरानं माझा जीव वाचवला." मी ताटावरून उठू शकलो नाही आणि जेवूही शकलो नाही.

आता मीच शेवटच्या वर्षाची प्रोजेक्ट्स तपासतो. मुलं पहिल्या पानावर 'शाश्वत विकास' असं ठळक छापून आणतात. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचं प्रोजेक्ट काय होतं?" मी ओढा सांगितला, वाळू, चिकणमाती, विहीर, तुम्हीसुद्धा. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. ती गेल्यावर हे लिहायला बसलो. पाकीट आणलेलं नाही. काकूंच्या हाती हे पडावं असं मला वाटत नाही.

सर, तुम्ही रक्तानं डोळे भरून खाली वाकला होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. माझ्या पहिल्या फटक्यालाच तो पडला होता. काठी त्याच्या हातातून लांब उडाली होती, आणि तो हात जोडून "न्हाई, न्हाई" म्हणत होता. त्यानंतर मी पुन्हा पहार उचलली. गुडघा फुटला तो त्या दुसऱ्या फटक्यानं, आणि तो मारताना मला तुमची आठवणसुद्धा नव्हती.