समोरच्या खिडकीतला लीडर

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.
आमच्या मिक्सर कंपनीच्या तक्रार विभागाला नवा प्रमुख हवाय. उमेदवार दोनच. मी आणि लगबग. बाईंचं खरं नाव आता कुणाच्याच लक्षात नाही, दिवसभर टेबलांमधून नुसती पळापळ. ती कसली प्रमुख होतेय!
शुक्रवारी बडे साहेब इंटरव्ह्यू घेणार. विषय : तुमची लीडरशिप फिलॉसॉफी काय आणि ती कोणाकडून शिकलात. फिलॉसॉफी अजून नाहीये. होईल. अख्खा आठवडा पडलाय.
सासरेबुवांना फोनवर सांगून टाकलं, प्रमुख झालोच म्हणून. शनिवारी केबिन बघायला येतायत. लग्नापासून त्यांना माझ्याबद्दल शंका आहे. ती एकदाची मिटेल.

४ जून, मंगळवार
पहिला आदर्श : खुद्द बडे साहेब. ते कशालाही 'बघू' म्हणतात. तीच त्यांची ताकद.
दिवसभर 'बघू' म्हणालो. एका गिऱ्हाइकाच्या मिक्सरमधून धूर येत होता. बघू. त्याने विचारलं, आग लागली तर? म्हटलं, तेव्हा बघू. पुढे तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.
घरी बायको म्हणाली, जरा दुधाकडे बघा. बघितलं. उतू जाऊन ओट्यावरून फरशीवर आलं, तिथपर्यंत बघितलं. बायकोने माझ्यासकट बड्या साहेबांचा उद्धार केला. आदर्श रद्द.

५ जून, बुधवार, दुपार
सापडला! समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत उभा असतो. ताठ. कोट. हात मागे. त्याच्याभोवती माणसांची नुसती तारांबळ, पण हा ढिम्म! एक जण तर गुडघे टेकून त्याच्या पायाशी बसला होता. केवढा आदर! दुसऱ्याने छातीत बोटं खुपसून वाद घातला. याने ब्र काढला नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळा स्टाफ पांगला, हा जागेवर. याला म्हणतात त्याग.
चेहरा नीट दिसला नाही. बायको म्हणते, डॉक्टरांनी दिलेला चष्मा ड्रॉवरमध्ये लोळतोय तो लावा. लीडरला दूरदृष्टी लागते. चष्मा नाही.

५ जून, संध्याकाळ
फिलॉसॉफी तयार : आपण हलायचं नाही. लोक आपोआप हलतात.

६ जून, गुरुवार
लग्नातला कोट घातला. बटणं लागली नाहीत, पण समोरून कळत नाही. कळतं, असं बायको म्हणाली. सकाळपासून खिडकीत उभा. हात मागे.
रिझल्ट थक्क करणारा! फोन वाजत होते, लगबग उचलत होती. तक्रारी येत होत्या, ती निपटत होती. मी बोटही हलवलं नाही आणि विभाग सुतासारखा सरळ चालला. मध्येच तिने येता जाता माझ्या कोपराला पर्स अडकवली. स्टाफचा विश्वास म्हणतात तो हाच.
समोरचाही दिवसभर माझ्याकडेच बघत होता. ओळख पटली असणार.
पाय सुजलेत. बायको म्हणाली, दिवसभर ठोंब्यासारखं उभं राहायचा पगार देतात का? तिला फिलॉसॉफी सांगितली. तिने बादलीभर गरम पाणी दिलं, वर कपाळावर हात मारून घेतला.

७ जून, शुक्रवार
इंटरव्ह्यू. ताठ उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, आदर्श कोण? मी त्यांना खिडकीशी नेलं आणि बोट दाखवलं. साहेबांनी चष्मा पुसला. लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, त्याला आज डोकं नाहीये.
मी म्हणालो, साहेब, लीडरला डोक्यापेक्षा काळीज मोठं लागतं.
साहेब म्हणाले, अहो, तो शिंप्याचा पुतळा आहे. ते बघा, डोकं शेजारच्या स्टुलावर ठेवलंय.
मी म्हणालो, बघू.

७ जून, संध्याकाळ
लगबगला केबिन मिळाली. सासरेबुवांना फोन करायचा होता. हिंमत झाली नाही. उद्या ऐन वेळी काहीतरी सुचेल. मला सुचतं.

८ जून, शनिवार
सुचलं नाही. सासरेबुवा नवा शर्ट घालून आले. केबिनमध्ये लगबग. तिने उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्याबद्दल चार चांगले शब्दही बोलली. तेच जास्त लागलं. मी आपला खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. हात मागे. कोट होताच अंगावर.
तेवढ्यात समोरचा शिंपी आला. माझ्याभोवती एक चक्कर मारली, कोटाचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि थेट केबिनमध्ये शिरून लगबगला विचारलं, बाई, हा विकायचाय का? आमच्याकडे सगळे बारीक अंगाचे, असा पोटवाला कुठे मिळत नाही.
मला वाटलं, सासरेबुवा आता त्याला झाडणार. झालं तरी जावई आहे.
सासरेबुवांनी विचारलं, किती द्याल?
फार वाईट वाटलं. पण हललो नाही. हललो असतो तर शिंपी बिचारा घाबरला असता.