बोट दुसऱ्याच ओळीवर होतं

मी, निवृत्त मुख्याध्यापिका, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या धाकाने किंवा सांगण्यावरून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी रागात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागाबद्दल त्यांना काही विचारलेलं नाही. पूर्वीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं भाच्याला दिलं होतं, ते आजपासून रद्द समजावं.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची अडगळ, हे सर्व मी आमच्या शाळेच्या शिपाईबाईला देते. शाळेत सगळे तिला टपाल म्हणतात, कारण वर्गावर्गांत सूचनांची वही फिरवण्याचं काम तिचं. माझं खुब्याचं हाड मोडल्यापासून सहा वर्षं ती या घरात राहते, सकाळ-संध्याकाळ माझं सगळं करते आणि मधल्या वेळात शाळा सांभाळते. भाच्याने या सहा वर्षांत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा घराची कागदपत्रं कुठे आहेत ते विचारायला.

कलम २. हे घर तिला का, याचा खुलासा वकिलांच्या मते गरजेचा नाही. माझ्या मते आहे.

गेल्या हिवाळ्यात भाचा आला. चहा घेतला, गोड बोलला आणि जाता जाता म्हणाला, "आत्या, तुझ्या औषधांच्या बिलांसाठी टपालची एक सही हवी होती, ती घेतली बरं का." दुसऱ्या दिवशी त्या कागदाची प्रत औषधांच्या डब्याखाली सापडली. त्यात लिहिलं होतं की ती इथे पगारी नोकर आहे, तिचा घरावर काडीचा हक्क नाही आणि माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत ती जागा सोडेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, सही करण्याआधी वाचलंस का हे?"

"वाचलं की, बाई."

"मग वाच बघू माझ्यासमोर."

तिने कागद घेतला आणि न अडखळता सुरू केलं, "बाईंच्या औषधांची बिलं मिळावीत म्हणून ही सही देत आहे..." आवाज खणखणीत. शब्दांखालून बोट सरकत होतं. वाक्य अर्ध्यावर असताना बोट सहीच्याही खाली, कोऱ्या जागेत पोचलं होतं.

ते बोट मी ओळखलं. सदतीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं.

माझी एक पद्धत होती. महिनाअखेरीस प्रत्येक मुलाला शेजारी बसवायचं, न शिकवलेलं पान पुढे ठेवायचं, वाचून घ्यायचं आणि वहीत शेरा लिहायचा. माझ्या शाळेत न वाचणारं मूल वरच्या वर्गात जात नाही, असं मी सभांमधून टेबल आपटून सांगत असे. त्या वर्षी आदर्श शाळेची ढाल मिळायची होती. तपासणीचे साहेब म्हणाले, "बाई, शंभर टक्के दाखवा, बाकी मी बघतो." वेळ नव्हता, म्हणून मी शिकवलेलाच धडा वाचायला दिला. अकरा मुलांनी तो पाठ म्हणून दाखवला. टपाल तेव्हा नऊ वर्षांची होती. तोंडात तिसरी ओळ आणि बोट पाचवीवर. मी ते पाहिलं आणि वहीत लिहिलं, "वाचन उत्तम."

पुढे याच मुलीला मी शाळेत शिपाई म्हणून लावलं. सव्वीस वर्षं ती सूचना घेऊन फिरते आहे. पिवळा कागद सुट्टीचा, शिक्का असलेला ऑफिसचा, एवढ्यावर तिने निभावलं. बाकीचं "काय हो आलंय?" असं विचारून. त्यातली पहिली पाच वर्षं मी तिची मुख्याध्यापिका होते आणि मला पत्ता नव्हता. एवढी वर्षं का नाही बोललीस, असं मी तिला दरडावून विचारलं, तर म्हणाली, "बाई, तुम्ही उत्तम लिहिलं होतंत. मग मी कुणाला सांगणार?"

कलम ३. ती ढाल पितळेची आहे. भंगारात घालावी. मी ती परत करायला गेले होते, तर ऑफिसातला कारकून म्हणाला, बक्षीस परत घ्यायची पद्धत नाही. खोटं शंभर टक्के घ्यायची पद्धत बरी होती.

कलम ४. सध्याचे मुख्याध्यापक शाळेच्या सभागृहाला माझं नाव देणार आहेत असं कळलं. देऊ नये. फोटोही लावू नये, हार तर नाहीच. त्यांनी यंदाही शंभर टक्के दाखवले आहेत. मी त्यांना फक्त एवढंच विचारलं, की न शिकवलेलं पान ठेवलंत का? तेव्हापासून ते मला भेटायला येत नाहीत.

कलम ५. बँकेतली सगळी शिल्लक मोठ्या माणसांना वाचायला शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या पगारासाठी ठेवावी. वर्ग माझ्या पुढच्या खोलीत भरेल, टपालची हरकत नसेल तर. उरलेल्या दहा जणांना आधी शोधावं. नावं वहीत आहेत, माझ्या सुंदर अक्षरात.

कलम ६. भाच्याला माझं लाल शाईचं पेन. त्याने आणलेला कागद वकिलांनी रद्द करून घेतला आहे. शुद्धलेखनाच्या चौदा चुका मी काढल्या आहेत, त्या त्याने दहा-दहा वेळा लिहाव्यात.

कलम ७. टपाल आता रोज सकाळी शाळेआधी तासभर माझ्याजवळ शिकते. चिडते, रडते, एकदा वही फेकली. म्हणते, "आता या वयात कशाला, बाई? तुम्ही आहात ना वाचायला." मी नसेन, हेच तिला कळत नाही. जोडाक्षरांपर्यंत आम्ही पोचू की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून पुढचा मजकूर वकिलांनी वाचू नये. भाच्यासह सगळ्यांसमोर तो तिच्या हातात द्यावा. कितीही वेळ लागो, कोणी शब्द सुचवू नये. तिचं वाचून होईपर्यंत दुसरा कुठलाही कागद तिच्यापुढे ठेवू नये. तिला येतात तेवढ्याच अक्षरांत मी लिहिलं आहे:

हे घर तुझं. तू इथेच राहा. कुणी कागद आणला तर आधी वाच. समजला नाही तर सही करू नकोस. तू लहान होतीस. तू धडा पाठ करून आलीस. मी ते पाहिलं. मी काही बोलले नाही. चूक माझी. तुझी नाही.

ठिकाण: माझं राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ४ मार्च २०२५
सही: निवृत्त मुख्याध्यापिका

साक्षीदार: (१) तिसरीच्या वर्गाच्या निवृत्त शिक्षिका, (२) गल्लीतल्या औषधांच्या दुकानाचे मालक. दोघांनीही सही करण्यापूर्वी हे मृत्युपत्र पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचलं. दुकानदारांनी दुसरं पान गाळलं होतं, त्यांना परत वाचायला लावलं.