बंद डब्यातली आगगाडी

१८ नोव्हेंबर १९८९

नोकरी गेली. शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी बोलावलं — नव्या बाईंची ऑर्डर आली, तुम्ही सोमवारपासून येऊ नका. तात्पुरती म्हणूनच घेतलं होतं, तेव्हा भांडायला जागा नाही. वर्गात माझी छत्री राहिली होती, ती घेतली आणि आदिलाबादच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले.

सुधाकरदादाला अजून कळवलं नाही.

२६ नोव्हेंबर

कळवावं लागलंच नाही. दादा तामसीहून सकाळच्या बसने हजर. खोलीत उभ्याउभ्याच म्हणाला, "काऊन भाडं भरून राह्यली कौसल? घरी चल. तुया वहिनीलेबी हाताखाली कोणी पायजे."

नवऱ्याने टाकलेली बहीण म्हणजे हाताखालचीच. दादा वाईट नाही. पण त्या घरात गेले की मी परत बाहेर पडणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. म्हटलं, बघू.

३ डिसेंबर

शेजारच्या रेणुकाबाईंचा नवरा दुबईला वायरमन आहे. दर खेपेला मुलांसाठी ठोकळ्यांचा डबा आणतो. रंगीत, एकमेकांत घट्ट बसणारे. घर, क्रेन, जहाज, काय हवं ते जोडा. डब्यावर लेगो असं लिहिलेलं. मुलांना हात लावू देत नाहीत. कपाटावर ठेवायचे, वर प्लास्टिक टाकायचं, पाहुणे आले की खाली काढायचे.

आज म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी हैदराबादले जाता तवा हे इकून द्या ना. मले शिलाई मशीन घ्याची हाय."

माझ्या पगाराची जुनी दोन बिलं अडकली आहेत, त्यासाठी तिथल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात जायचंच होतं. नेते म्हटलं.

१४ डिसेंबर

बिलं नाही मिळाली. डबे मात्र विकले.

हैदराबादच्या आबिद्स बाजारात खेळण्यांचं एक दुकान आहे. मालक म्हातारा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. डबा उलटासुलटा करून पाहिला, कोपरे चाचपले. म्हणाला, "बहनजी, ये बच्चा लोगां के वास्ते नहीं, शौकीनां के वास्ते है. बंद डब्बा लाओ. पुराना लाओ. खुला हुआ मेरे कू नक्को."

मोठी माणसं हे जमवतात म्हणे. उघडतही नाहीत. कंपनीने जो डबा बनवणं बंद केलं, त्याला जास्त किंमत.

मशीनपुरते रेणुकाबाईंना दिले, तरी माझं भाडं सुटलं. बसमध्ये पहिल्यांदाच झोप लागली.

२८ जानेवारी १९९०

ज्या घरचा माणूस दुबई-कुवेतला, ते घर शोधायचं — हाच माझा धंदा. तलमडुगु झालं, निर्मलकडची गावं झाली. बायका आधी साडीवाली समजतात. डबा मागितला की हसतात.

सगळं जमतं असं नाही. आज एक डबा घरी येऊन पाहिला तर खालची सीलची पट्टी फाडून पुन्हा चिकटवलेली. पैसे बुडाले. दोष कोणाला द्यायचा — मीच नीट पाहिलं नाही.

दादाचा निरोप पुन्हा आला आहे.

११ मार्च

बाजारहत्नूर. मथुराबाई म्हणून आहेत, विधवा, एकट्या. मुलगा अमृत कुवेतला वेल्डर. घरात शिरताच बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खाली टेबल, आणि टेबलावर — आगगाडी! केवढा मोठा डबा. वरच्या चित्रात इंजिन, डबे, रूळ, सिग्नल, सगळं ठोकळ्यांचं. पट्टी शाबूत. कोपरे शाबूत.

लहानपणी अमृतला रेल्वेचं वेड होतं म्हणे. आदिलाबादला नेलं की स्टेशनावरून हलायचा नाही. आता पगार हातात आला, तर स्वतःसाठीच घेतली आणि मित्राच्या हाती पाठवली.

मी विकता का विचारलं. त्यांना राग नाही आला.

"त्याचा हाय तो. म्हणला, माय, मी आल्यावर मीच उघडन."

मग मला भाकर वाढली.

२२ एप्रिल

पुन्हा गेले. डब्यासाठीच गेले, इथे तरी खोटं कशाला लिहू. मथुराबाईंनी ओळखलं. "पोरी, तू काई सोडत नाईस." दोघी हसलो.

डबा रोज पुसतात. ओलं फडकं नाही, कोरडं. म्हणाल्या, तो येईपर्यंत तुले येणं असन तं ये, पण डब्याचं नाव काढू नको.

काढलं नाही. पण निघताना नजर तिकडेच गेली.

१७ जून

दुकानदाराला आगगाडीचं सांगितलं. म्हाताऱ्याने चष्माच काढला. "बंद है? सच्ची? मुंबई के एक साहब दो साल से पूछ रहे. ले आओ, आप बोलेंगे वो दाम."

बसस्टँडजवळ एक टपरी विकायला आहे, तेवढ्यात ती माझी होईल. मग तामसीचं नाव नको.

रात्रभर हिशेब केला आणि मग स्वतःचीच किळस आली. माझं चांगलं व्हायचं तर त्या बाईचा जीव त्या डब्यातून निघाला पाहिजे.

५ ऑगस्ट

रेडिओवर सांगितलं, इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. रेणुकाबाई रडत आल्या. त्यांचा नवरा दुबईत आहे, तिकडे काही नाही, असं मी नकाशा काढून समजावलं. काढता काढता अमृत आठवला.

१९ ऑगस्ट

मथुराबाईंनी शेजारचा ट्रान्झिस्टर मागून आणला आहे. तेलुगू बातम्या कळत नाहीत, हिंदी अर्ध्या कळतात. कुवेत शब्द आला की माझं मनगट धरतात. "काय म्हणला? काय म्हणला तो?"

आपली विमानं माणसं परत आणताहेत, जॉर्डनमार्गे. तेवढं सांगितलं.

१६ सप्टेंबर

धंदा मेला. डबा मागायला कोणत्या तोंडाने जाऊ? एका घरी दारातूनच म्हणाल्या, "आमचा माणूस तिकडं अडकला अन् तुले खेळणे सुचते का?" बरोबर आहे त्यांचं.

दोन महिन्यांचं भाडं थकलं.

७ ऑक्टोबर

निर्मलचा भिवाजी कुवेतहून परत आला. तो आणि अमृत एकाच कॅम्पात राहायचे. आज बाजारहत्नूरला आला, मी तिथेच होते. पायरीवर बसला, आत येईना.

दोन ट्रक निघाले होते. जागा मिळेल तसे चढले. हा मागच्यात, अमृत पुढच्यात. वाळवंटात पुढचा ट्रक जळालेला दिसला.

"उतरून पाह्यलं का तू?" मथुराबाईंनी विचारलं.

"उतरू नाई देल्लं मावशी. पण त्यातलं कोणीच पुढं जॉर्डनच्या छावणीत आलं नाई. मी तीन आठवडे वाट पाह्यली."

त्या रडल्या नाहीत. भिवाजीला पाणी दिलं.

२१ ऑक्टोबर

अमृतच्या नावाने पुण्यानुमोदन झालं. गावातली माणसं होती. बाबासाहेबांच्या शेजारी अमृतचा पासपोर्टचा फोटो मोठा करून लावला, हार घातला. बुद्धवंदना म्हणताना मथुराबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

डबा टेबलावर नव्हता. मी विचारलं नाही.

४ नोव्हेंबर

सकाळी दार वाजलं. मथुराबाई. डोक्यावर लुगड्यात बांधलेलं मोठं गाठोडं. बस बदलून आल्या होत्या. खाली ठेवलं, गाठ सोडली.

"आता इक."

मी म्हटलं, मावशी, नको. खरंच म्हटलं.

"घरात ठेवू नाई शकत मी. पुसाले हात जाते. उघडू बी नाई शकत. तुले टपरी पायजे ना? तूच घे."

मला टपरी हवी आहे हे मी कधी सांगितलं होतं? बोलण्यात आलं असेल. पैसे घेणार नाही म्हणत होत्या. अर्धे घ्याल तरच ठेवते म्हटलं. त्यांनी होकाराची मान हलवली. चहासुद्धा न घेता परतीच्या बसला गेल्या.

९ नोव्हेंबर

विकला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी उचलून आत नेला. घासाघीस नाही. मुंबईचे साहेब कोण, पाहिले नाहीत.

हेच तर मागत होते मी.

२० जानेवारी १९९१

टपरी सुरू झाली. वह्या, बॉलपेन, कंगवे, प्लास्टिकच्या मोटारी. दादा येऊन पाहून गेला, "बरं झालं" म्हणाला. तामसीचा विषय संपला.

समोरच्या हॉटेलात दिवसभर लढाईच्या बातम्या. ऐकू नये म्हणून मी मोटारींना किल्ली देत बसते.

३ मार्च

मथुराबाईंचे अर्धे पैसे घेऊन तिसऱ्यांदा गेले. याही वेळी घेतले नाहीत. टेबल भिंतीला लावून ठेवलंय, त्यावर आता काहीच नाही. भाकर वाढली. अर्धीच खाऊन उठले.

१२ मे

पुन्हा गेले नाही. जाववत नाही. विकत घेण्या-विकण्याच्या या धंद्यात माझ्या हाताने त्यांचं टेबल तेवढं रिकामं झालं.

१६ जून

दुपारी टपरीसमोर एक माणूस उभा राहिला. हाडकुळा, डोकं भादरलेलं, हातात एक पिशवी. मुंबईहून रेल्वेने आलो म्हणाला. "ताई, बाजारहत्नूरची बस कुठं लागते?" सवयीने विचारलं, कोणाकडे जायचं?

"मथुराबाईकडं. मी तिचा अमृत."

टपरी बंद करून त्याच्याच बसमध्ये चढले. ट्रक जळाला हे खरं. पण त्याच्या आधीच्या नाक्यावर इराकी सैनिकांनी याला उतरवून घेतलं होतं. मग तुरुंग, मग दवाखाना. इच्चोडा मागे पडल्यावर मी सगळं सांगितलं — फोटोचं, हाराचं, डब्याचंही. डब्याचं त्याने ऐकलंच नाही बहुतेक. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "पयले तुमी आत जा ताई. मी बाहेर थांबतो. नाईतर माय भिईन."

मी आत गेले. त्या ज्वारी निवडत होत्या.